हाताला हंगाम हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात हस्तकलांविषयी जी वाचकपत्रे प्रसिद्ध होतात, त्यांचा सूर बहुधा एकच असतो: जुन्या कला लोप पावत चालल्या आहेत, नव्या पिढीला त्यांचे काही वाटत नाही, शासनाने लक्ष घालावे. त्या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्याच पानांच्या शेजारी मात्र हस्तकलेच्या बारमाही वर्गांच्या जाहिरातीही असतात, आणि त्यांत आकाशकंदील मे महिन्याच्या सुट्टीत शिकवला जातो, हलव्याचे दागिने भर पावसाळ्यात आणि मातीकाम वातानुकूलित दालनात. साहित्य कापून, मोजून, डब्यात भरून मिळते. दोन तासांत वस्तू तयार होते आणि तिचा फोटो काढून सारे घरी जातात. रडगाणे आणि जाहिरात यांचे एरवी पटण्यासारखे नाही, पण हातकामाचा हंगामाशी असलेला संबंध दोघांच्याही नजरेतून सुटतो. छोट्या हातकामातून रोजच्या जगण्यात जो आनंद मिळतो, तो निम्म्याहून अधिक त्या त्या ऋतूचा असतो असे माझे मत आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

येथे पैठणीविषयी किंवा नाशिकच्या चांदीच्या भांड्यांविषयी मी काही लिहिणार नाही. येवल्याच्या मागावरची पैठणी हे आपल्या जिल्ह्याचे भूषणच आहे, पण ती आयुष्यात एकदा-दोनदा घेण्याची वस्तू आहे. मला बोलायचे आहे ते दहा-वीस रुपयांत मिळणाऱ्या किंवा घरच्या घरी फुकट होणाऱ्या गोष्टींबद्दल.

हलव्याचेच उदाहरण घेते. साहित्य म्हणाल तर तीळ, खसखस किंवा साबुदाणा, साखर, पाणी आणि चमचाभर दूध. पाक उकळताना दूध घातले की साखरेतली मळी वर येते. ती काढून पाक गाळून घेतला की तो नितळ होतो. मग पसरट परातीत तीळ घेऊन ती परात पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर, आता गॅसच्या सर्वांत बारीक आचेवर ठेवायची, चमच्याने पाकाचे थेंब सोडायचे आणि बोटांच्या पेरांनी तीळ सतत फिरवत राहायचे. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून बसतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते आणि हात थांबला तर लेप एकाच बाजूला चढतो. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढुरके होतात आणि करणारीला वाटते की हे काही साधणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्यांवर बारीक खरखर येते, आणि मग एखाद्या सकाळी बोटांना पहिला काटा लागतो. तो काटा डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो. हे कितीही वेळा केले तरी त्या क्षणाची मजा कमी होत नाही. ज्यांनी केले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच उमगेल.

हा काटा केवळ कौशल्याने येत नाही. गरम तिळावर पडलेल्या पाकातले पाणी भराभर उडून गेले तरच साखरेचे स्फटिक दाण्यावर टोकदार उभे राहतात, आणि त्यासाठी हवा कोरडी आणि थंड लागते. हवेत दमटपणा असला की तोच पाक, तेच तीळ आणि तोच हात असूनही दाणा गुळगुळीत राहतो किंवा चिकट होतो. म्हणूनच हलवा पौषात, तोही पहाटे उठून करण्याची रीत पडली. आमच्या लहानपणी हलव्याला काटा धरला नाही तर बायका एकमेकींना दोष देत नसत, यंदा थंडीच पडली नाही म्हणत. निफाड तालुक्यात कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातले किमान तापमान आपण हिवाळ्यात पहिल्या पानावर छापता. त्या आकड्याने द्राक्षबागायतदाराच्या काळजाचा ठोका चुकतो, कारण थंडी फार उतरली की मणी तडकतात, आणि बागेतली ऊब टिकावी म्हणून तो रात्री ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो. त्याच रात्रीची पहाट जुन्या नाशिकमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात हलव्याला उत्तम काटा देते. नफानुकसानीची दोन्ही पारडी सारखी आहेत असा याचा अर्थ नव्हे. बागायतदाराचे नुकसान खरे आहे. पण ज्या बाईने परातीत हात घातला आहे, तिला तो आकडा निव्वळ बातमी राहत नाही. तिच्या बोटांनी तो आधीच वाचलेला असतो.

पावसाळ्यात शिकवलेल्या हलव्याच्या दागिन्यांत हेच हरवते. तयार दाणे दोऱ्यात ओवून मुकुट, बाजूबंद आणि बासरी करता येते, आणि बोरनहाणाला बाळ त्यात गोडही दिसते. यंत्राने केलेल्या विकतच्या हलव्याला मी नावे ठेवत नाही. नोकरी करणाऱ्या मुलींनी पहाटे उठून परातीपुढे बसावे, असा आग्रह धरण्याचा मला अधिकार नाही. मात्र मूठभर तीळ घेऊन निदान एकदा, थंडीत, घरातल्या मुलांसह हे करून पाहावे. मूठभर तिळांचा हलवा वाटीभर होतो, आणि तो खाऊन संपवण्यापेक्षा करण्यातच अधिक वेळ जातो आणि अधिक मजा येते.

संक्रांतीच्या सुगडांची गोष्ट थोडक्यात सांगते. आता ती रंगवून, टिकल्या चिकटवून मिळतात. मला साधी, न रंगवलेली अधिक आवडतात, कारण कुंभाराने चाकावरून दोऱ्याने कापून काढल्याची खूण त्यांच्या बुडाशी दिसते. उन्हाळ्यातल्या माठावर मात्र थोडे थांबायला हवे. नाशिकच्या कोरड्या चैत्र-वैशाखात माठातले पाणी जेवढे गार होते तेवढे ते कोकणच्या दमट हवेत होत नाही, कारण माठ गार करतो तो बाहेर झिरपलेले पाणी उडून जाते म्हणून, आणि दमट हवेत ते उडायला तयार नसते. माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर भाजणी चांगली आणि तडा नाही, बद्द वाजला तर खाली ठेवावा. घरी आणल्यावर तो दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि साबणाने कधीही घासू नये, नाहीतर त्याची छिद्रे बुजतात आणि तो नुसता पाण्याचा डबा होतो. या गोष्टी पूर्वी घरोघरी ठाऊक होत्या. आज माठ विकणाऱ्या कुंभारणीला विचारल्या तर ती पाच मिनिटांत सांगते, पण विचारणारे गिऱ्हाईक मोटारीची काच खाली करून भाव तेवढा विचारते.

चैत्राचा विषय निघालाच आहे, तर चैत्रांगणाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत दारापुढे चैत्रांगण काढायचे असते: मधोमध पाळण्यातली गौर, भोवती सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, तुळशीवृंदावन, नाग, कासव, मोर, हत्ती, कैरीचा घोस. हे सगळे पांढऱ्या रांगोळीच्या बोटभर रेघांत. सदनिकांना अंगण नसते ही सबब मी पुष्कळदा ऐकते. लाकडाच्या फळीवर गेरू फासून दाराबाहेर ठेवला की तेवढे अंगण पुरते. साच्यातून चाळून काढलेल्या रांगोळीत सर्व हत्ती सारखे निघतात. हाताने काढलेल्या चैत्रांगणात हत्ती कधी डुकरासारखा दिसतो आणि कासव भाकरीसारखे, आणि त्यावर घरात हसू पिकते. ते हसू मला त्या चित्राचाच भाग वाटते. या दिवसांत घरात आंब्याची डाळ आणि पन्हे असते, संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे विकायला येतात, आणि रस्त्यांच्या कडेला बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागलेले असतात. त्या झाडाखालून रोज जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करतात, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

बहाव्याआधी पळस. पेठ आणि त्र्यंबक रस्त्यांवर फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा झाडावर पान दिसत नाही. आपल्या नाशिकमध्ये रंग खेळायचे ते धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला, आणि जुन्या गावातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, त्या दिवशी उघडून रंगाच्या पाण्याने भरल्या जातात. या रहाडींची ख्याती आता दूरवर पोहोचली आहे. पळसाच्या झाडाखाली गळून पडलेली फुले पिशवीभर गोळा करून रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी एक उकळी आणली आणि पाणी गाळून घेतले, तर सुरेख केशरी रंग मिळतो, आणि तो कातडीला किंवा डोळ्यांना झोंबत नाही, ही गोष्ट मात्र तितकी पसरलेली नाही. फांद्या ओरबाडण्याचे कारण नाही, खाली सडा पडलेला असतोच.

पावसाळ्याचे काय लिहावे आणि किती लिहावे! पहिल्या पावसाच्या सुमारास पेठ, हरसूल, त्र्यंबककडच्या बाया शेवळे ही रानभाजी घेऊन बाजारात बसतात. शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून त्यात काकडे नावाची आंबट रानफळे घालावी लागतात, आणि विकणारी बाई शेवळ्यांच्या जुडीबरोबर ती देते किंवा निदान आठवण करते. मग टाकळा, कुर्डू, करटोली येतात. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात, तेही चांगलेच आहे. पण शेवळ्याचा हंगाम तोवर संपलेला असतो, आणि तो तारीख बघून थांबत नाही.

श्रावण-भाद्रपदातली पत्री हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आनंद आहे. गणपतीला 21 प्रकारची पत्री वाहण्याची रीत आहे. रविवार कारंजावर आपण ती जुडी बांधलेली विकत घेतो, देवावर वाहतो आणि तिच्यात काय होते ते पाहत नाही. त्यातल्या दूर्वा, आघाडा, माका, धोतरा, रुई या वनस्पती पावसाळ्यात कोणत्याही मोकळ्या भूखंडावर उगवतात. आघाड्याच्या तुऱ्यावरून उलटे बोट फिरवले तर त्याची बोंडे बोटाला आणि कपड्याला चिकटतात. माक्याचे पान चुरगाळले तर थोड्या वेळाने बोटे काळपट होतात. ही ओळख करून घ्यायला वनस्पतिशास्त्राची पदवी नको, चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन तासभर हिंडले की पुरते. नंतर ती पाने जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवली तर त्यांची सुंदर वही तयार होते, आणि आपल्या दैनिकाचा तोही एक उपयोग आहे, हे संपादकांनी हसून घ्यावे.

याच दिवसांत अंजनेरी आणि पहिने परिसरात जी गर्दी लोटते, तिच्याविषयी मात्र माझे मत कडक आहे. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची जी जात आढळते, तिची शास्त्रीय नोंद 2006 मध्ये झाली आणि तिला नावही त्याच डोंगरावरून मिळाले. बोटाच्या पेराएवढी ती फुले गवतात शोधावी लागतात, आणि ज्याला ती ठाऊक नाहीत त्याचा पाय नेमका त्यांच्यावरच पडतो. फुलांच्या पठारावर लोळून चित्रफीत काढण्याला निसर्गप्रेम म्हणत असतील तर ते प्रेम थोडे कमी झालेले बरे. तेरडा आणि सोनकी आपल्या गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेलाही फुलतात.

दिवाळीच्या कंदिलाला बांबूच्या कामट्या लागतात. बुरुडाकडून कामट्या आणणे, त्या चाकूने तासून सारख्या करणे, सांध्यांवर ओला दोरा आवळणे, पतंगी कागद गव्हाच्या खळीने चिकटवणे आणि खळ वाळताना कागद आपोआप ताणून ढोलकीसारखा टणक होताना पाहणे, हे सारे पाऊस संपून ऊन कोरडे झाल्यावरच नीट जमते. ओल्या हवेत खळीला बुरशी येते आणि कागद सुरकुततो. सुपे आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडांकडे या दिवसांत कंदिलाच्या सांगाड्यांचीही मागणी असते, तेव्हा कामट्या मागायला आठवडाभर आधी जावे हे बरे.

पतंगाच्या बाबतीत मात्र आनंदाबरोबर संतापही लिहिणे भाग आहे. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खे गाव गच्चीवर असते, लाकडी आसारीवर दोरा गुंडाळलेला असतो, आणि पतंगाची कमान किती वाकवावी यावर घराघरांत वाद चालतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरीही तो दरवर्षी आपल्या जिल्ह्यात चोरून विकला जातो, दुचाकीस्वारांचे गळे चिरतो आणि पक्ष्यांचे पंख कापतो. सुती दोरा उन्हापावसात कुजून तुटतो. नायलॉन झाडाच्या शेंड्यात वर्षानुवर्षे अडकून राहतो, आणि संक्रांत केव्हाच सरली तरी वटवाघळे आणि घुबडे त्यात लटकतात. हाच काळ नांदूरमध्यमेश्वरला पाहुण्या पक्ष्यांचा असतो. 2020 मध्ये जाहीर झालेले ते राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, नाशिकपासून फार लांब नाही. सकाळी तेथे जाऊन चक्रवाक आणि थापट्या बदके पाहणाऱ्या मुलाच्या हातात संध्याकाळी नायलॉनची फिरकी देणाऱ्या पालकांना काय म्हणावे, ते मला कळत नाही.

आता एक आक्षेप, जो मी स्वतःलाही विचारत असते. हातकामाचा आनंद ही पोटभरल्यांची चैन नाही का? कुंभार, बुरूड, पतंग करणारे कारागीर यांचे हातावर पोट आहे. माती तुडवणे हा त्यांचा विरंगुळा नव्हे, आणि पाऊस लांबला की मडकी भाजण्याचा आवा भिजतो तेव्हा त्यांना ऋतूचे कौतुक सुचत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मला वाटते की स्वतः कामटी तासून पाहिलेला माणूस सुपाची किंमत करताना घासाघीस करणार नाही. निदान त्याने करू नये. एका सुपासाठी बांबू किती सोलावा लागतो आणि बोटांना किती चिरा पडतात, हे एकदा पाहिले की वीस रुपये कमी करून घेण्यात पुरुषार्थ वाटत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी करू नये, विकत घ्यावे. पण हंगामात, करणाऱ्याच्या हातून आणि त्याने सांगितलेल्या किमतीला घ्यावे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती आहे. आपण रोज बाजारभाव, धरणातला पाणीसाठा आणि तापमान छापता. त्यांच्या शेजारी आठवड्यातून एकदा, दोन बोटे रुंदीची एक चौकट द्यावी. या आठवड्यात कोणत्या रस्त्यावर बहावा फुलला, बाजारात कोणती रानभाजी आली, कुंभारवाड्यात सध्या सुगडे भाजली जात आहेत की माठ, बुरुडांकडे कामट्या मिळू लागल्या की नाही, एवढीच माहिती तीत असावी. विशेषणे नकोत, ‘निसर्गाची मुक्त उधळण’ तर मुळीच नको. वाचकांनी माहिती पाठवावी आणि आपण ती तपासून छापावी; आठवड्यात फारसे काही नसेल तर दोनच ओळी द्याव्यात. 1840 पासून वाचकांची सेवा करणाऱ्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी आणि गृहसंकुलांच्या मंडळांनी या चौकटीच्या आधाराने हातकामाची दुपार ठेवली तर वर्गांचे वेळापत्रक ऋतूच्या मागे जाईल, आणि तसे ते जावे असे मला मनापासून वाटते.

पंचवटी आणि जुन्या नाशिकच्या परिसरातील माहिती नेमाने पाठवण्याची माझी तयारी आहे. मार्गशीर्षात चौकट सुरू झाली तर पौषापूर्वी वाचकांना परात, तीळ आणि वेळ यांची जुळवाजुळव करता येईल. पत्र मोठे झाले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर नायलॉन मांजाचा परिच्छेद तेवढा कृपया गाळू नये.

आपली,
एक नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक